रूथचं घर आणि माझा बंगला

शिरूरला बघण्यासारखं काय आहे, असं निघण्याआधी मला चौघांनी विचारलं. कोल्हापूरची माणसं पुण्याच्या पुढे जातात ती शिर्डीला, नाहीतर वाटेत रांजणगावच्या गणपतीला. शिरूरला मुद्दाम उतरणारं कुणी नाही. मी म्हटलं, एक घर बघायला चालले आहे. गुरुवारनंतर ते दिसणार नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्त झाल्यापासून पडायला आलेली घरं कागदावर काढून ठेवते. टेपने मापं घ्यायची, खांब मोजायचे, कोनाडे मोजायचे, मग शाईने चित्र करायचं. कुणी सांगितलेलं काम नाही, पण वेळ चांगला जातो. त्यातली काही चित्रं मी मोबाईलवर ओळखीच्यांना पाठवते, आणि ती पाहूनच रूथ साळवेचा फोन आला.

रूथ आणि मी नगरला डी.एड. करताना दोन वर्षं वसतिगृहाच्या एका खोलीत राहिलो. पुढे ती शिरूरला शिक्षिका झाली, मी कोल्हापुरात. पत्रं चालू राहिली, मग फोन. माझी आई गेल्यावर ती माझ्याकडे तीनदा येऊन गेली, पण चाळीस वर्षांत तिने मला एकदाही आपल्या घरी बोलावलं नव्हतं. कधी आई आजारी, कधी पाहुणे. मला वाटायचं, तिच्या घरात बसण्याजोगी मी तिला वाटत नसेन. हे मनात ठेवूनही मी तिच्याशी गोड बोलत आले.

"मंदे, घर उतरवतोय," ती म्हणाली. "गुरुवारी कौलं काढणार. त्याच्या आत येऊन काढून घे आमचं घर."

घोडनदी, सोमवार

पुण्याहून नगरच्या बसमध्ये बसले आणि डोळा लागला. कंडक्टर ओरडला "शिक्रापूर", मला ऐकू आलं "शिरूर". पिशवी, टेप आणि कागदांची नळी घेऊन मी घाईने उतरले. बस गेल्यावर भेळवाल्याला विचारलं, "चर्चची गल्ली कुठं आली?"

त्याने चिरमुऱ्यात कांदा टाकता टाकता माझ्याकडे पाहिलं. "चर्चची गल्ली घोडनदीत, म्हंजी शिरुरात, मावशी. हे शिक्रापूर हाय. लई लवकर उतरला तुम्ही."

तोवर चुलीवर काहीतरी चढवून रूथ वाट पाहत बसली होती. मी पोचले तेव्हा ऊन कलत आलं होतं. जानेवारी असल्यामुळे नाताळचा कागदी तारा अजून व्हरांड्यात लटकत होता. पावसाळ्यात आलं असतं तर वरूनही पाणी आणि खालूनही, असं तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं. कारण लगेच दिसलं. गल्लीतला रस्ता दर काही वर्षांनी काँक्रीट ओतून उंच केलेला, आणि घर आपल्या मूळ जागीच. पूर्वी दोन पायऱ्या चढून व्हरांड्यात जायचं, आता रस्त्यावरून एक पायरी खाली उतरायचं.

तिच्या आजोबांच्या काळात मिशनच्या शाळेतल्या मास्तरांसाठी इथे एका ओळीत सहा घरं बांधली होती. काळ्या दगडाचं जोतं, हातभर जाडीच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे लाकडी खांबांचा व्हरांडा. पाच गेली. त्यांच्या जागी तीन-तीन मजली इमारती, खाली शटरं. एका शटरात मोबाईलचं दुकान, एकात सोनोग्राफी. सहावं रूथचं, दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या सावलीत बसलेलं. तिचा भाऊ सामू पुण्यात असतो. बिल्डरचं त्याच्याशी बोलणं झालं होतं, रूथची सही झाली होती, आणि नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिला एक फ्लॅट मिळणार होता.

जेवायला कुळथाची शेंगोळी होती, लसूण भरपूर, वर तेलाचा तवंग. आमच्याकडे कुळथाचं माडगं करतात ते आजाऱ्यासाठी. इथे त्याचं पाहुण्यासाठी पक्वान्न होतं. मी दोनदा घेतली. हात धुताना पुढच्या खोलीची आतली भिंत दिसली आणि तिथेच थांबले.

भिंतीचा मोठा चौकोन काळा होता. रूथच्या आजोबांनी भिंतीवरच फळा करून घेतला होता. दिवसा ते शाळेत शिकवत आणि संध्याकाळी या खोलीत मोठ्या माणसांना अक्षरओळख करून देत. बाजाराला आलेले शेतकरी, हमाल, गल्लीतल्या बाया. पैसे घेत नसत, जात विचारत नसत. त्या फळ्यावर आता खडूने नावं लिहिलेली होती, पन्नासएक तरी. वेगवेगळ्या हातांची, काही थरथरती.

"हे काय?"

"कुणी सुरू केलं कोण जाणे," रूथ म्हणाली. "घर पडणार म्हणून कळलं, तसं इथं शिकलेल्यांची माणसं यायला लागली. कुणी बापाचं नाव लिहितं, कुणी आज्जीचं. आजोबांच्या हाताखाली शिकलेले आता दोन-तीनच राहिलेत."

खरं सांगायचं तर मला पोटात जळजळ झाली. ती शेंगोळ्यांची नव्हती.

घोडनदी, मंगळवार

सकाळपासून मापं घेत होते. व्हरांडा सव्वासहा फूट रुंद. खांब सहा, त्यातल्या दोनांना खालून वाळवी. कामाचा मिस्त्री बघायला आला आणि तुळईवर हात फिरवत म्हणाला, "बाई, असलं सागवान आता डोळ्यांनी दिसायचं न्हाई. पाडायला बी जिवावर येतंय." रूथने नुसती मान हलवली, जणू तो हवामानाविषयी बोलत होता. मला तिचा राग आला. ज्याच्याकडे असतं त्याला असंच सहज मान हलवता येते, असं वाटलं.

शेजारच्या सोनोग्राफीवाल्यांच्या घरून पोहे आले. समोरच्या मारवाडीणबाईंनी हुरडा पाठवला, बरोबर शेंगदाण्याची चटणी. घरात कुणी गेल्यासारखी गल्ली वागत होती. माझी पेन्सिल चालू होती आणि डोक्यात एकच चाललं होतं. माझं घर गेलं तेव्हा कुणी पोहे पाठवले होते?

दुपारी वडगाव रासाईहून एक आजोबा आले. ऐंशीच्या पुढचे, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, बरोबर सून. व्हरांड्यात उतरताना त्यांनी चपला काढल्या आणि उंबऱ्याला हात लावला.

"मास्तरांची नात तुम्ही?"

"हो आबा. या, बसा."

"बसत न्हाई. आधी ते करू द्या." सुनेने खडू दिला. आबा फळ्यासमोर उभे राहिले, खालच्या कोपऱ्यात जागा शोधली, आणि एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहीत गेले. लिहून झाल्यावर मागे सरकून पाहिलं. एका अक्षराची वेलांटी राहिली होती, ती दिली.

"बैलगाडी घेऊन बाजाराला यायचो," ते रूथला म्हणाले. "माल इकला की हितं. आमचा आंगठा सुटला तो या भिंतीपाशी. पुढं सरपंच झालो, तवा पयल्या कागदावर सही केली आन् घरी जाऊन रडलो. तुमच्या आजोबांना सांगायला यायचं हुतं, पर तवर ते गेलते."

रूथने त्यांचा हात हातात घेतला. सून पदराने डोळे पुसत होती. मी कागदावर वाकले, कारण माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते कुणी पाहू नये असं मला वाटत होतं. ते दुःख नव्हतं. एखाद्या बाईच्या अंगावरचा दागिना बघावा तसं मी त्या भिंतीकडे बघत होते.

आबा गेल्यावर माझ्या तोंडून गेलं, "आमच्या दौंडच्या बंगल्यातल्या हॉललासुद्धा अशीच एक भिंत होती. तिच्यापाशी पियानो होता. रविवारी माणसांनी हॉल भरायचा."

रूथने माझ्याकडे बघितलं आणि एकदम तिचा चेहरा उजळला. "मंदे, उद्या दौंडला जाऊ. इथून काय लांब आहे? तू माझं घर काढलंस, मी तुझं बघते. अगं, कॉलेजपासून ऐकतेय तुझा तो बंगला. असेल तसा बघू."

मी म्हटलं, आता काही उरलं नसेल. मी म्हटलं, माझं काम राहिलंय. मी म्हटलं, ऊन फार आहे, जानेवारीत! ती ऐकेना.

आता वाचकांना सांगितलं पाहिजे. दौंडला माझा बंगला कधीच नव्हता.

माझे वडील रेल्वेच्या लोको शेडमध्ये खलाशी होते, म्हणजे इंजिनांपाशी पडेल ते काम करणारे. रेल्वे कॉलनीत मोठ्या ड्रायव्हरसाहेबांचा बंगला होता, अँग्लो-इंडियन कुटुंबाचा, त्यांच्या बाईंना सगळे डॉरिसबाई म्हणत. बंगल्यामागे नोकरांसाठी खोल्या होत्या, त्यातली एक आमची. माझी आई बंगल्यातली धुणीभांडी करायची आणि हॉलची लाल फरशी मेण लावून पुसायची, तोंड दिसेल इतकी. मी अकरा वर्षांची असताना वडिलांची बदली झाली आणि आम्ही कोल्हापूरला आलो.

वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मुली घराविषयी बोलत होत्या. रूथने शिरूरच्या घराचं सांगितलं, मास्तर आजोबा, भिंतीवरचा फळा, दारात येणारी माणसं. सगळ्या ऐकत राहिल्या. मग कुणीतरी म्हणालं, "मंदा, तुझं?" आणि मी बंगला सांगितला. लाल फरशी सांगितली, शेगडीची चिमणी सांगितली, पियानो सांगितला. आई त्या हॉलमध्ये खुर्चीत बसून विणत असायची, असंही सांगितलं. एकदा सांगितल्यावर परत घेता आलं नाही. दर काही वर्षांनी मी त्यात एखादी खिडकी वाढवत गेले.

दौंड, बुधवार

शिरूरहून न्हावरे, पारगाव करत चौफुल्यापर्यंत बस. पारगावच्या पुलावरून भीमेचं पाणी दिसलं, काठाने ऊस, आणि उसात पांढरे बगळे. रूथ खिडकीशी बसून मला मुलांसारखं सगळं दाखवत होती. मला काही दिसत नव्हतं. चौफुल्याला वडाप, म्हणजे शेअर जीप, मिळालं. त्यात कुरकुंभच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला निघालेली माणसं होती, अर्धी हिंदी बोलणारी. पाटसला आम्ही उतरलो आणि पुढे रिक्षा केली. रिक्षात चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उरलेला दिवस मी पाय ओढत चालले.

स्टेशनवरून कॉलनीत शिरताना मी देवाला एकच मागत होते, की तिथे काही नसावं. आणि तिथे काही नव्हतं. चिंचा होत्या, कडुनिंब होते, रस्ते तेच होते, पण बंगल्यांची रांग संपली होती. एकाच्या चार भिंती उभ्या, छप्पर नाही, खिडकीतून पिंपळ बाहेर आलेला. बाकी नुसती जोती, वर गवत. ज्या जागेसमोर मी थांबले तिथे चार रुंद पायऱ्या होत्या आणि त्या वर जाऊन मोकळ्या आभाळात संपत होत्या.

मला सुटल्यासारखं वाटलं. जुनी घरं पडलेली बघून जिला आनंद झाला, आणि तीसुद्धा घरांची चित्रं काढत फिरणारी बाई, अशी मी एकटीच असेन.

"इथे?" रूथने विचारलं.

"इथेच," मी म्हटलं. मग मला चेव आला. पायऱ्या चढून मी जोत्यावर उभी राहिले आणि हात करून दाखवू लागले. हा हॉल. ही शेगडी. इथे पियानो. इथे आईची खुर्ची. रूथ माझ्यामागे हळू चालत होती, गवताखाली खोल्या असल्यासारखी पाय जपून टाकत होती. तिचे डोळे भरून आले होते. "कसं गं गेलं हे सगळं," ती म्हणाली. "नि कुणी आलंसुद्धा नसेल निरोपाला."

तेवढ्यात चिंचेखालून एक म्हातारे गृहस्थ उठले. शेळ्या चारत होते. अंगात जुना खाकी स्वेटर, पाय फेंगडे. "काय बघताय बाई? सरकारी हायती ह्या जागा."

"काही नाही आप्पा," रूथ म्हणाली. "ही माझी मैत्रीण इथंच लहानाची मोठी झाली. या बंगल्यात."

"ह्या बंगल्यात?" आप्पांनी भुवया आवळल्या. "ह्यो तर डॉरिसबाईंचा. त्यास्नी दोन पोरंच हुती. गेली ती ऑस्ट्रेलियाला. पोरगी नव्हती."

मी म्हटलं, "चल रूथ, उशीर होतोय."

"मी हितं पॉइंट्समन हुतो, रुळाचे सांधे बदलायचो, मला समदं ठावं," आप्पा सांगत राहिले. "मागच्या अंगाला खोल्या हुत्या. तिथं गणपत खलाशी. त्याची बायकू हौसाबाई बंगल्यात कामाला. तिला तेवढी एक पोरगी हुती. मंदी."

रूथने माझ्याकडे पाहिलं. मग आप्पांकडे पाहून ती अगदी सावकाश म्हणाली, "हिचंच नाव मंदा."

आप्पा जवळ आले. माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधत राहिले आणि त्यांना ते सापडलं. "हौसाबाईचंच नाक! आगं, तू मंदी व्हय? आरं देवा! तुझी आई हाय का गं?"

"नाही. गेली. वीस वर्षं झाली."

"ग्येली का!" ते पायरीवर बसले. "माझी बायकू ऐकून रडंल आता. लग्न हून आली तवा चौदा वर्साची हुती. दीसभर रडायची. मला ड्यूटी, घरात कुणी न्हाई. तुझ्या आईनं न्हेलं तिला आपल्या खोलीत. भाकरी शिकवली, च्या शिकवला, डोईला तेल लावलं. पयल्या बाळंतपणाला बी तुझीच आई. आमच्या हिचं म्हायेर म्हंजी तुमची ती खोली बघ." त्यांनी मागच्या बाजूला हात केला. तिथे बाभळी होत्या, आणि बाभळीत एक रुंद, गुळगुळीत, धुण्याचा दगड. "चल की घरी. हितंच नाक्यापल्याड राहतो आमी. हिला भेट."

मला त्यांच्या बायकोचाही हेवा वाटला. तिला माझ्या आईची खोली माहेर म्हणून आठवत होती, आणि मी ती खोली चाळीस वर्षं लपवून ठेवली होती. मी म्हटलं, "पुन्हा येईन, आप्पा," आणि एका पायात चप्पल ओढत निघाले. त्यांच्याकडे मागे वळून पाहायचंसुद्धा धाडस झालं नाही.

परतीच्या बसमध्ये रूथ पुढच्या सीटवर बसली. चौफुल्याला तिने एकच चहा सांगितला. न्हावऱ्याला बस थांबली तेव्हा ती मागे वळली.

"मी तुला घरी का बोलावलं नाही, ठाऊक आहे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"लाज वाटायची. तू बंगल्यातली. आमची कौलं गळायची, आई परातीत पाणी धरायची. तू आलीस तर काय म्हणशील? पहिल्या दिवाळीला तू म्हणाली होतीस, येते शिरूरला. मी खोटं सांगितलं, आईला टायफॉईड झालाय म्हणून." तिचा आवाज चढत गेला, बसमधली दोघं-तिघं बघू लागली. "त्या फळ्याचं मला पुढं कौतुकच राहिलं नाही गं. पियानोपुढं भिंतीवरचा फळा म्हंजी काय? सामूनं पाडायचं म्हटलं, आणि मी एका दमात हो म्हटलं. वाटलं, सुटले. तुला आता बोलावलं ते घर जाणार म्हणून. जाणाऱ्या घराची कसली लाज."

"रूथ, मला..."

"नको बोलूस." ती पुढे वळली.

घोडनदी, गुरुवार

सकाळी आठला मिस्त्री माणसं घेऊन आला. शिडी लागली, कौलं उतरू लागली. एकजण वरून देई, दुसरा झेली, तिसरा रस्त्याच्या कडेला रचून ठेवी. आत छपरातून ऊन पडलं, आणि ज्या खोल्या मी अंधारात मोजल्या होत्या त्या एकदम लहान वाटू लागल्या.

रूथ माझ्याशी कामापुरतं बोलत होती. चहा दिला. ओळीत हात कमी पडत होते, तर मला म्हणाली, "उभी राहा." आम्ही दोघी ओळीत उभ्या राहिलो आणि कौलं पुढे देत राहिलो. कौलांवरची धूळ केसांत, तोंडात, पापण्यांवर. दुपारपर्यंत माझी बोटं सोलली.

फळ्याची भिंत वाचवता येईल का, असं मी मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "मातीची भित्त हाय बाई. सोडवली की भुगाच." हे रूथने ऐकलं. ती फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. वरून ऊन पडल्यामुळे नावं पहिल्यांदाच नीट वाचता येत होती. ती एकेक नाव ओठ हलवत वाचत होती. आपल्याच घरात ती पहिल्यांदा शिरल्यासारखी दिसत होती. मी कागद घेतला आणि सगळी नावं जशीच्या तशी उतरवून काढली. वडगाव रासाईच्या आबांची वेलांटीसुद्धा. कागद तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, धन्यवाद म्हटलं नाही.

दुपारी मिस्त्रीने भिंतीला पहिली पहार घातली. रूथ व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी होती. रडली नाही. भिंत पडताना मोठा आवाज होईल असं वाटलं होतं. पोतं टाकल्यासारखा एक मऊ आवाज झाला आणि गल्लीभर पांढरी धूळ उडाली.

संध्याकाळी समोर भाड्याने घेतलेल्या खोलीत आम्ही भाकरी-पिठलं खाल्लं. ताट बाजूला सारून रूथ म्हणाली, "बंगल्याचं सोडून दे एक वेळ. लहान होतीस. पण चाळीस वर्षांत आईविषयी तू मला काय सांगितलंस? खुर्चीत बसून विणायची. ज्या बाईनं दुसऱ्याच्या चौदा वर्षांच्या पोरीला लेकीसारखं सांभाळलं, तिचं तू मला नावसुद्धा सांगितलं नाहीस, मंदा. ते मला एका शेळ्यावाल्याकडून कळावं?"

मी दोन्ही ताटं उचलली आणि घासायला घेतली.

दौंड, शुक्रवार

कोल्हापूरची गाडी दौंडहून जाते. मी तीन तास आधी पोचले. नव्या चपला घेतल्या, पाव किलो पेढे घेतले आणि नाक्यापलीकडे विचारत गेले. पत्र्याचं घर, दारात दोन शेळ्या. आप्पा नव्हते. बाजेवर एक बारीक म्हातारी गोधडी पांघरून उन्हाला बसली होती. मी नाव सांगितलं. तिने माझा हात ओढून मला शेजारी बसवलं आणि माझ्या बोटांवरून हात फिरवला.

"सोलली का गं?"

"कौलं उतरवली, काकू."

"हौसाबाईची बोटं बी अशीच. मेणानं."

मी म्हटलं, "काकू, आई कशी होती ते सांगा." बासष्टाव्या वर्षी आपल्या आईविषयी असं विचारावं लागलं.

काकूंनी खूप सांगितलं. आई हसताना तोंडावर पदर धरायची. तिला तिखट चालायचं नाही. वडील दारू पिऊन आले की त्यांना दाराबाहेर बसवून आधी माझी वेणी घालायची, मग दार उघडायची. हे सगळं मी माझ्या वहीत उतरवून घेतलं. मग काकू हसायला लागल्या.

"रविवारी सायेब-मेमसाब पुण्याला जायाचे, पोरास्नी घिऊन. किल्ली तुझ्या आईपाशी. तवा ती मागलं दार उघडायची आन् आमा दोघींस्नी हालमंदी न्हेयाची. तुला आन् मला. तू चार-पाच वर्साची. लाल फरशीवर बसवायची न्हाई हं, खुर्चीवर बसवायची. मेमसाबाच्या कपात च्या द्यायची. मी लई घाबरायचे. तू न्हाई. तू म्हणायचीस, हा आमचा बंगला हाय. आन् तुझी आई म्हणायची, व्हय गं मंदे, रविवारी आपलाच. मंग कप धुवून, पुसून, जागच्या जागी. फरशी परत पुसून घ्यायची, आपली पावलं दिसू नयेत म्हणून."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मला वाटत होतं, तो बंगला मी वसतिगृहात रूथच्या हेव्याने रचला. बाजेवर बसल्या बसल्या मी रूथला फोन लावला. ती उचलेल असं वाटलं नव्हतं. उचलला. मी सांगायला सुरुवात केली. एकही खिडकी न वाढवता, काकूंनी सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत सांगितलं. तिच्या मागे कुठेतरी पहारीचे ठोके ऐकू येत होते.

मग रूथ म्हणाली, "कप कसे होते गं?"

मी काकूंना विचारलं.

"पांढरे," काकू म्हणाल्या. "निळी फुलं हुती त्यावर. एकाचा कान तुटलेला. तो तुझी आई सोताला घ्यायची."